तार नेमकी कुठे सोडायची? मे-ब्रिट मोझर यांच्या वाटचालीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बी.ए. मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नॉर्वेच्या मे-ब्रिट मोझर मानसशास्त्र शिकल्या आणि मेंदूतलं जीपीएस शोधल्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं, असं वाचलं. आमचे सर म्हणतात, हे तिकडेच जमतं, शिवाय त्यांचा नवराही त्याच कामात होता. मॅडम, मानसशास्त्रातून मेंदूच्या संशोधनात खरंच जाता येतं का? त्यांनी नेमकं केलं काय?"

जाता येतं. पण मोझरबाईंच्या गोष्टीतला जो भाग पेपरात येतो, त्याच्यावर जाऊ नकोस. मी गेली एकवीस वर्षं उंदरांच्या मेंदूतून विजेच्या नोंदी घेते आहे, म्हणजे त्यांच्याच धंद्यातली आहे, फक्त बऱ्याच खालच्या पायरीवर. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा एकच धागा आहे: केसाहून बारीक तार मेंदूत नेमकी कुठे सोडायची हे त्यांना कळलं होतं. आणि ते कळलं विद्यार्थी असताना केलेल्या एका कंटाळवाण्या कामातून. त्या कामाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी घरची पार्श्वभूमी. जन्म ४ जानेवारी १९६३, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फॉस्नावोग या गावचा. घरी मेंढ्यांची छोटी शेती, वडील सुतार, पाच भावंडांत ह्या शेंडेफळ. "तिकडेच जमतं" म्हणताना सरांच्या डोळ्यांपुढे जे चित्र असेल, त्यात हे बसत नाही. पुढे ओस्लो विद्यापीठात गेल्यावर काय शिकायचं हे बराच काळ ठरत नव्हतं. तिथे एडवर्ड मोझर भेटले. दोघं एकाच भागातले, शाळेपासून तोंडओळखीचे. दोघांनी मानसशास्त्र घेतलं आणि १९८५ साली लग्न केलं. साखरपुडा किलिमांजारोवर झाला. हा तपशील प्रत्येक लेखात असतोच, म्हणून तोही सांगून टाकते.

आता "मानसशास्त्र" या शब्दापाशी जरा थांब. तिथली पदवी म्हणजे सहा वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम. ती घेतली की माणूस रुग्ण तपासू शकतो. शिवाय या दोघांनी जोडीला गणित, न्यूरोबायॉलॉजी असे विषय घेतले. त्या काळात त्यांनी तेर्ये सागवोल्डन यांच्याकडे उंदरांवर काम केलं. विषय होता अतिचंचलता, आज ज्याला एडीएचडी म्हणतात ती. सागवोल्डन हे वर्तन मोजणारे गृहस्थ: उंदराने कळ किती वेळा दाबली, किती वेळाने दाबली, बक्षीस उशिरा दिलं तर काय होतं. मेंदू उघडायचा नाही, फक्त बाहेरून बघायचं, पण काटेकोर बघायचं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे मेंदूवाल्यांपेक्षा जास्तीचं काही असेल तर ते हेच. आमच्या क्षेत्रात विजेची उपकरणं कोळून प्यायलेले पुष्कळ आहेत. "या प्रयोगात उंदीर खरंच जागा लक्षात ठेवतोय, की नुसता भिंतीला धरून चाललाय?" हा प्रश्न ज्याला आपोआप पडतो, असा माणूस मिळणं अवघड.

मग ती प्रसिद्ध घटना. ओस्लोत पेर आंदेर्सन नावाचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग, आणि त्यातले ते जगातले मोठे नाव. ऑस्ट्रेलियात मज्जासंस्थेचे मोठे शास्त्रज्ञ जॉन एकल्स यांच्याकडे काम करून आलेले. त्यांच्याच प्रयोगशाळेत १९६६ साली तेर्ये लोमो यांना दिसलं होतं की एखाद्या मज्जामार्गाला थोडा वेळ भराभर विजेचे झटके दिले, की त्यापुढचा त्याचा प्रतिसाद वाढतो आणि तासन्‌तास वाढलेलाच राहतो. आठवण पेशींच्या पातळीवर कशी टिकत असेल, याचा तो पहिला भक्कम धागा. ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम ब्लिस यांच्याबरोबरचा त्यांचा सविस्तर निबंध १९७३ साली छापून आला, तोवर लोमो स्वतः स्नायूंच्या अभ्यासाकडे वळले होते. २०१६ साली या विषयासाठी ब्रेन प्राइझ हा मेंदूसंशोधनातला मोठा पुरस्कार दिला गेला तो ब्लिस, कॉलिंगरिज आणि मॉरिस या तिघा संशोधकांना. लोमोंचं नाव त्यात नव्हतं. मला ते आजही खटकतं.

तर अशा आंदेर्सन यांच्या खोलीत ही दोन मानसशास्त्राची पोरं जाऊन बसली. त्यांनी आधी नाही म्हटलं. पोरं उठेनात. शेवटी त्यांनी एक काम अंगावर टाकलं: रिचर्ड मॉरिस यांनी शोधलेल्या पाण्याच्या चाचणीची प्रयोगशाळा इथे उभी करून दाखवा. मोठा गोल हौद, पाणी दुधाळ केलेलं आणि पाण्याखाली बोटभर खोलीवर लपवलेला एक छोटा पाट. उंदराला पाण्यात सोडायचं. खोलीतल्या खुणा पाहून, पाट कुठे आहे हे लक्षात ठेवून त्याने तिथे पोहत जायचं. वाचायला सोपं वाटतं. हौद ठेवायचा, पाण्याचं तापमान रोज तेवढंच राखायचं, वर कॅमेरा लावायचा, पोहण्याचा मार्ग मोजायचा, भिजलेले उंदीर कोरडे करून ऊब द्यायची, आणि हे रोज, महिनोन्‌महिने. "उपकरण बांधा" म्हटल्यावर निम्मे विद्यार्थी गळतात. हे गळले नाहीत.

आता कंटाळवाण्या कामाकडे येते. उंदराचा हिप्पोकॅम्पस आकाराने केळ्यासारखा वाकडा असतो. एक टोक वर पाठीच्या बाजूला, दुसरं खाली. त्या काळी बहुतेक लोक "हिप्पोकॅम्पस काढला की जागेची आठवण जाते" एवढंच म्हणत. दोघा मोझरांनी आणि आंदेर्सन यांनी विचारलं, कुठला हिप्पोकॅम्पस? मग वेगवेगळ्या उंदरांत केळ्याचा वेगवेगळा तुकडा निकामी केला, त्यांना हौदात सोडलं आणि शेवटी प्रत्येक मेंदूचे पातळ काप करून नेमका किती भाग गेला हे मोजलं. १९९३ च्या निबंधातला निष्कर्ष असा की वरचा भाग जितका जास्त जाईल तितकं पाट शोधायला शिकणं बिघडतं, खालचा गेला तर या चाचणीत फारसं बिघडत नाही. दोन वर्षांनी आणखी एक निबंध: वरच्या टोकाला साधारण पाव भाग शिल्लक ठेवला, तरी उंदीर शिकतो.

बस, एवढंच. टाळ्या पडाव्यात असं यात काही नाही. पण "वर" आणि "खाली" हा फरक या दोघांच्या डोक्यात पक्का बसला, आणि बारा वर्षांनी त्याचं व्याज मिळालं.

याच काळातली आणखी एक गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगते. उंदीर नवी जागा हुंगत फिरू लागला की हिप्पोकॅम्पसमधले विजेचे संकेत मोठे होतात, असं दिसत होतं. लोक आनंदात: हाच शिकण्याचा ठसा! एडवर्ड आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं तापमान मोजलं. फिरल्यामुळे अंग तापतं, त्यासरशी मेंदूही थोडा तापतो, आणि संकेत बदलतो तो बहुतांशी त्यामुळे. थंड पाण्यात पोहल्यावर उलटं होतं. हे १९९३ सालीच 'सायन्स'मध्ये आलं. आपल्याच विषयातला गोड गैरसमज आपल्याच हाताने मोडायचा, तोही पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने, याला धमक लागते.

१९९५ साली दोघांची पीएच.डी. झाली. मग एडिंबरोला मॉरिस यांच्याकडे आणि काही महिने लंडनला जॉन ओकीफ यांच्याकडे. ओकीफ यांनी १९७१ साली हिप्पोकॅम्पसमध्ये "स्थान-पेशी" दाखवल्या होत्या: उंदीर खोलीतल्या एका ठरावीक जागी आला की एक ठरावीक पेशी तडतडते, दुसऱ्या जागी दुसरी. त्यांच्या शेजारी बसून मोझर दांपत्य ती तार सोडायला शिकलं. हे तंत्र आजही पुस्तकातून येत नाही. कुणाच्या तरी खांद्यावरून बघावं लागतं.

१९९६ साली ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठाने दोघांना एकदम नोकरी देऊ केली, आणि तीही मानसशास्त्र विभागात. उत्तरेकडचं, मेंदूविज्ञानाच्या नकाशावर तेव्हा नसलेलं शहर. दोघांना एकाच ठिकाणी जागा मिळणं दुर्मीळ, म्हणून गेले. तळघरात प्रयोगशाळा मांडली आणि सुरुवातीला पिंजरे धुण्यापासून सगळं स्वतः केलं. पदरी लहान मुली होत्या, त्या बऱ्याचदा प्रयोगशाळेतच असत.

तिथे प्रश्न धरला तो हा: स्थान-पेशींना "आपण इथे आहोत" ही खबर देतं कोण? हिप्पोकॅम्पसच्या आतलीच साखळी ती तयार करते, असं तेव्हा अनेकांना वाटे. २००२ मध्ये त्यांच्या गटाने ती आतली साखळी तोडून पाहिली. पुढच्या पेशी तरीही जागा ओळखत होत्या. म्हणजे खबर बाहेरून येते, आणि बाहेरचा दरवाजा एकच होता: एन्टोरायनल कॉर्टेक्स, म्हणजे हिप्पोकॅम्पसला लागूनच असलेला मेंदूचा भाग.

पण तिथे आधी लोकांनी तार सोडून पाहिली होती! अमेरिकेतल्या एका गटाने १९९२ मध्ये नोंदी घेतल्या होत्या. पेशी जागेनुसार बदलत होत्या खऱ्या, पण चित्र पुसट. म्हणून बाकीच्यांनी तो नाद सोडला होता. मोझर यांनी नेदरलँड्सचे शरीररचनाकार मेनो विटर यांना गाठलं. कुठला धागा कुठून कुठे जातो, हे या माणसाला तोंडपाठ. त्यांचं उत्तर: हिप्पोकॅम्पसच्या वरच्या भागाला जोडणारा पट्टा एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या अगदी वरच्या काठाला आहे, आणि आधीच्या नोंदी त्याच्या बऱ्याच खाली घेतलेल्या. विद्यार्थिदशेतला "वर की खाली" हा प्रश्न इथे उपयोगी पडला. इतरांनी पुसट चित्र पाहून पेशींना दोष दिला. यांनी जागेला दिला.

ही जागा गाठणं म्हणजे काय, ते सांगते, कारण माझे हात तिथे पोळले आहेत. कवटीला मध्यरेषेपासून साधारण साडेचार मिलिमीटर बाजूला, अगदी मागे भोक पाडायचं. तिथून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर एक मोठी शीर आडवी जाते. ड्रिल जरासं मागे गेलं की रक्ताचा पूर, दिवस संपला. शीर टाळायला पुढे सरकलात तर तार हव्या त्या पट्ट्यातून जातच नाही. चार बारीक तारा पिळून एक जोड होतो, त्याला टेट्रोड म्हणतात. तो एका चिमुकल्या स्क्रूला बांधलेला असतो. रोज स्क्रूचा पाव फेरा, त्याहूनही कमी, आणि मग स्पीकर लावून ऐकायचं. आधी नुसती खरखर. मग एक दिवस गरम तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज. ते ऐकल्यावर जेवण सुचत नाही.

मी पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी. नंतरची शिकाऊ संशोधक, असताना अशीच तडतड ऐकून चार महिने नोंदी घेतल्या. उंदीर गुणी, पेशी छान, मी खूश. शेवटी मेंदूचे काप करून रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तारेचा माग पाहिला, तर टोक शेजारच्याच भागात. जवळपास एक मिलिमीटरची चूक. भोकाची जागा मी त्या प्रयोगशाळेतल्या जुन्या वहीतून घेतली होती, आणि वहीतला आकडा दुसऱ्या वजनाच्या उंदरांचा होता. चार महिने पाण्यात. त्यानंतर मोझर यांचे निबंध वाचताना मी आलेखांच्या आधी कापांचे फोटो बघते.

२००४ मध्ये त्यांच्या गटाला वरच्या काठावर स्पष्ट ठिपके दिसले: एकेक पेशी एका जागी नाही, अनेक जागी तडतडत होती, आणि ते ठिपके जरा जास्तच शिस्तीत होते. पण पेटी एक मीटरची, तिच्यात ठिपके मावणार किती? मग त्यांनी दोन मीटर व्यासाचा गोल रिंगण केला. उंदराला खाऊचे कण टाकत सगळीकडे पळवलं. डोक्यावरच्या दिव्यावरून वरच्या कॅमेऱ्याने त्याची जागा टिपली आणि पेशी तडतडली त्या प्रत्येक जागी एक टिंब. चित्र उमटलं ते आपल्याकडे कुठल्याही आजीने ओळखलं असतं: ठिपक्यांची रांगोळी. १३ ते ७ वाली, मधल्या ठिपक्यांची. कुठलाही ठिपका धर, त्याच्याभोवती सारख्या अंतरावर सहा. जमिनीवर काहीच काढलेलं नाही, भिंतीवर जाळी नाही. रांगोळी उंदराच्या डोक्यात. यंत्रातच काही बिघाड आहे का, हे त्यांनी आधी तपासलं. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. पहिलं नाव विद्यार्थी टोर्केल हाफ्टिंग यांचं. अशी जाळी दाखवणाऱ्या या पेशींना ग्रिड पेशी म्हणतात.

शेजारशेजारच्या पेशींची रांगोळी सारख्या मापाची, फक्त थोडी सरकवलेली. वरून खाली गेलं की ठिपक्यांमधलं अंतर वाढत जातं. दिवे मालवले तरी जाळी टिकते. म्हणूनच मला तो "जीपीएस" शब्द आवडत नाही. जीपीएसला उपग्रह सांगतो. इथे उंदीर स्वतःची पावलं आणि वळणं मोजून हिशेब ठेवतो आणि खुणा दिसल्या की तो दुरुस्त करतो. किनारा दिसेनासा झाल्यावर वेग आणि दिशेवरून अंदाज बांधणाऱ्या जुन्या तांडेलाशी याचं जास्त साम्य आहे.

पुढचं भराभर सांगते. २००८ मध्ये कडेच्या भिंती ओळखणाऱ्या पेशी, २०१५ मध्ये वेग मोजणाऱ्या. २०१२ मध्ये कळलं की जाळ्यांची मापं हळूहळू वाढत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांनी वाढतात, प्रत्येक पायरी आधीच्या साधारण १.४ पट. २०२२ मध्ये एकदम शेकडो पेशींच्या नोंदी घेऊन त्यांच्या एकत्रित हालचालीचा गणिती आकार काढला, तो निघाला मधे भोक असलेल्या वड्यासारखा. मेंदूत मेदूवडा, असं आमच्याकडे एका विद्यार्थ्याने फळ्यावर लिहिलं होतं. मी पुसलं नाही.

नोबेल २०१४ साली. अर्धं ओकीफ यांना, उरलेलं अर्धं या दोघांत. ६ ऑक्टोबरला बातमी आली तेव्हा एडवर्ड म्यूनिकच्या विमानात होते. उतरल्यावर कुणीतरी फुलं घेऊन उभं होतं, आणि कशासाठी ते त्यांना कळेना. मे-ब्रिट प्रयोगशाळेच्या बैठकीत होत्या, फोन घेणारही नव्हत्या. स्टॉकहोमला त्यांनी घातलेल्या पोशाखावर ग्रिड पेशींची नक्षी होती. नोबेल मिळालेलं हे पाचवं जोडपं. सहावं २०१९ चं, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो. अभिजित यांच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, एवढाच काय तो आपला संबंध.

आता सरांचा "नवरा होता ना" हा मुद्दा. दोघं असल्याचा फायदा झालाच. एकाने खर्चाचे अर्ज लिहायचे, एकाने उंदीर सांभाळायचे, रात्री जेवताना प्रयोगावर वाद घालायचा, हे एकट्याला जमत नाही. पण हाच फायदा एडवर्ड यांनाही झाला, आणि "त्यांची बायको होती ना" असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणत नाही. २०१६ मध्ये दोघं वेगळे झाले आणि तरी एकत्र काम करत राहिले, यावरून काय ते समज. प्रयोगशाळेचा संसार घरच्या संसारावर अवलंबून नव्हता.

तुझ्यासाठी आता. बी.ए. नंतर थेट मेंदूत तार सोडायला कुणी देणार नाही. तिथेही दिली नव्हती. संख्याशास्त्र पक्कं कर. पायथन शिक, कारण आमचा निम्मा दिवस आकडे चाळण्यात जातो. बारावीचं भौतिकशास्त्र सुटलं असेल तर विजेचा भाग पुन्हा वाच: रोध, धारिता, अर्थिंग. मला आलेल्या अडचणींपैकी निम्म्या वीजपुरवठ्यातून नोंदींत शिरणाऱ्या पन्नास हर्ट्‌झच्या गुणगुणीच्या होत्या आणि औषध एकच, अर्थिंगची वायर नीट जोडणं. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र), हरियाणात मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), या ठिकाणी मेंदूवर उत्तम काम चालतं. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या बघ, माझ्या किंवा सरांच्या आठवणीवर जाऊ नकोस. पण त्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळच्या कुठल्याही उंदरांच्या प्रयोगशाळेत दोन महिने काढ. बिनपगारी असलं तरी चालेल.

तिथे पहिले आठ दिवस फक्त उंदीर हातात घ्यायचे. शेपटीने उचलायचं नाही, छातीखाली तळवा द्यायचा, बाहीत शिरला तर शिरू द्यायचा. ट्रॉन्डहाइमलाही उंदीर माणसाळल्याशिवाय प्रयोग सुरू होत नाही. घाबरलेला उंदीर कोपऱ्यात बसून राहतो, आणि कोपऱ्यात बसलेल्या उंदराच्या डोक्यात कितीही सुंदर रांगोळी असली तरी तुला एकच ठिपका दिसणार. आठ दिवसांनी किळस, शिंका किंवा अंगावर पुरळ यांपैकी काही आलं नाही तर मला पुन्हा लिही. मग काप कसे करायचे ते सांगते.